अलकामावशींची कंबर

दिल्लीतल्या मराठी मंडळींत अलकनंदा सबनीस यांना नावाने ओळखणारे थोडे, कंबरेने ओळखणारे पुष्कळ. अलकामावशी येणार असा निरोप आला की घरची बाई आधी ताठ पाठीची खुर्ची शोधू लागे. हळदीकुंकवाला सगळ्या बायका सतरंजीवर आणि मावशी मधोमध खुर्चीत. नवी आलेली एखादी मुलगी त्यांना प्रमुख पाहुण्या समजून आधी त्यांनाच कुंकू लावी. मावशी लावून घेत आणि सतरंजीकडे बघून हळहळत, "मला खाली बसता येत नाही गं. प्रतीकच्या वेळी पाठीत सुई दिली ना, तेव्हा कंबर गेली ती गेलीच."

पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांनी भूगोल शिकवला. फळ्याचा खालचा अर्धा भाग त्यांच्या कारकिर्दीत कोराच राहिला. भारताचा नकाशा हिमालयापासून मोठ्या दिमाखात निघे आणि दख्खनच्या पठारापाशी थांबे, कारण पुढे वाकावं लागे. उरलेली दक्षिण वर्गाने समजून घ्यायची.

घरी ही कंबर सांभाळली त्यांच्या यजमानांनी, भालचंद्रकाकांनी. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहत होते तेव्हा मे-जूनमध्ये ऑफिसातून आले की पायजमा चढवून ते कूलरमध्ये बादल्या ओतत. गॅसचं सिलिंडर, गाद्या, गव्हाचं पोतं, सगळं त्यांच्याकडे. कुणी विचारलंच तर अभिमानाने सांगत, "तिच्या पाठीत सुई दिलेली आहे." एखाद्याला सरकारने पदक दिलेलं असावं, तसं.

मावशी आळशी होत्या असं मात्र कुणी म्हणू नये. दिल्लीत एखाद्या मराठी घरात पाळणा हलणार असं कळलं की यांचे डिंकाचे लाडू पोचलेच. करोलबागेतून डिंक आणायच्या, उभ्याने तळायच्या, उभ्याने वळायच्या, आणि तीन बस बदलून डबा घेऊन जायच्या. फक्त डब्याबरोबर सल्लाही जाई. "काही झालं तरी सोस, पण पाठीत सुई घेऊ नकोस. माझ्याकडे बघ." बघायला समोर कंबरेवर हात ठेवून उभी असलेली मावशी असे. कितीजणींनी ऐकलं कोण जाणे. त्यांतली एक त्यांच्याच घरात होती. त्यांची सून, रुचिता.

रुचिता नागपूरची, गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला. तिची आई लग्नाआधीच गेली होती, त्यामुळे बाळंतपण इथे, नोएडात. तिने आधीच ठरवलं होतं, कळा सुरू झाल्या की पाठीत ती बारीक नळी घालून घ्यायची, म्हणजे दुखणं कमी होतं. "मी सगळं वाचलंय आई, डॉक्टरांशी बोलले पण आहे," ती म्हणाली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. कंबरेवर हात गेलाच. प्रतीक म्हणाला, "यार रुची, आई भुगतून बसली आहे. तिला माहीत असणार ना!"

रुचिता पोटात सात पौंडांचं मूल घेऊन दोघांशी भांडू शकली नाही. मानस झाला. त्याला पूर्ण एक दिवस लागला. नळी नव्हती. मावशी बाहेरच्या बाकावर माळ घेऊन बसल्या होत्या. त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कधी बोलणं निघालं नाही. मानस आता पहिलीत आहे.

ही सगळी हकिकत मावशींनी स्वतःच सांगितलेली आहे. तिच्यात कुठे मीठ जास्त झालं असेल तर ते कूलरच्या जागी; बाकीचं जसंच्या तसं.

गेल्या हिवाळ्यात मावशींचं पोट वाढायला लागलं. आधी वाटलं लाडू. मग सोनोग्राफीत दिसलं की अंडाशयावर नारळाएवढी गाठ आहे. सर्जन म्हणाले, साधी दिसते आहे, पण अख्खी काढावी लागेल, म्हणजे पोटावर उभा लांब छेद. मावशींना दमा. म्हणून ऑपरेशनच्या आधी भूल देणाऱ्या डॉक्टरांनी त्यांना तपासायला बोलावलं. प्रतीक ऑफिसच्या कामाने बंगळूरला गेला होता. बरोबर काका आणि रजा टाकून आलेली रुचिता.

डॉक्टर सचदेवा वयाने रुचिताएवढीच. हसरी. तिने समजावून सांगितलं, "आंटी, पेट पर लंबा चीरा होगा। दर्द के मारे आप गहरी साँस नहीं लेंगी, खाँसेंगी नहीं, बलगम छाती में जमेगा। आपको ऊपर से दमा है। इसलिए पीठ में एक पतली-सी नली डाल देंगे, दो-तीन दिन उसी से दवा जाती रहेगी।"

"नहीं नहीं!" मावशींचा हात कंबरेवर. "पीठ में सुई मैं एक बार ले चुकी हूँ डॉक्टर. उसका भोग अभी तक भोग रही हूँ।"

"अच्छा? कब?"

आता हा प्रश्न म्हणजे मावशींना आग्रहाचं आमंत्रण. त्या खुर्चीत सावरून बसल्या. पहिलं बाळंतपण माहेरी, मिरजेला. मूल आडवं. धावपळ. "मेज पर सीधा लिटाया, नाक पर काला रबर का मास्क रखा, इतनी गंदी बास! बोले, अंक गिनो। मैंने गिने. फिर एकदम होश आया तो प्रतीक को नहला-धुला के मेरी आई के गोद में दिया हुआ था। और गला इतना दुख रहा था कि पानी नहीं निगल सकती।"

"बच्चे का रोना सुना था आपने?"

"कैसे सुनती? मैं तो बेहोश थी!" या वाक्याला घरात, शाळेत, मंडळात नेहमी हमखास दाद मिळत आलेली. मावशी दादेसाठी थांबल्या.

डॉक्टर हसली नाही. "मास्क से पहले किसी ने आपको बिठाया था? या करवट पर लिटाकर पीठ मोड़ी थी?"

"नहीं. बताया ना, सीधा लिटाया।"

"तो आंटी, सुई कब लगी?"

कंबरेवरचा मावशींचा हात खाली आला.

"आपको तो पूरी बेहोशी दी गई थी," डॉक्टर हळुवारपणे म्हणाली. "गला भी इसीलिए दुखा होगा, साँस की नली से। कमर में सुई लगी ही नहीं। कमर तो बच्चे के बाद बहुतों की दुखती है, सुई हो या न हो।" आणि मग तिने नळीचे खरे धोके सांगितले, रक्तदाब उतरू शकतो, कधी डोकं दुखतं, अंगाला खाज येते, फार क्वचित याहून गंभीर काही, त्यासाठी लक्ष ठेवतो. मावशींना त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही. त्या मिरजेला पोचल्या होत्या. तिथे खाटेशेजारी बसलेल्या एका काकू म्हणत होत्या, "कंबर दुखते? सिझर झालंय ना, मग पाठीत सुई दिली असेल." त्यातलं 'असेल' मिरजेहून दिल्लीला येता येता गाडीतच कुठेतरी राहून गेलं होतं.

काकांना शांतता सोसत नाही. ते म्हणाले, "म्हणजे ते कूलरचं..."

मावशींनी त्यांच्याकडे बघितलं.

"नाही, काही नाही," काका म्हणाले.

रुचिता रिपोर्टांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, "अच्छा." एवढंच. दिल्लीत 'अच्छा' म्हणायच्या शंभर तऱ्हा आहेत. खूश झालेलं, कंटाळलेलं, भाजीवाल्याला दटावणारं. हे 'अच्छा' मावशींनी आधी कधी ऐकलं नव्हतं.

गाडी रुचिताच चालवत होती. काका पुढे. मागच्या सीटवर मावशी, पाठीशी नेहमीची उशी. थोड्या वेळाने त्यांनी उशी हळूच काढून बाजूला ठेवली. मग वाटलं की काढलेली उशी ठेवलेल्या उशीपेक्षा जास्त दिसते आहे. पुन्हा ठेवली. आरशात बघायचं धाडस होईना.

"डॉक्टर लहान आहे गं अजून," त्या म्हणाल्या. "तिला काय माहीत तेव्हाचं."

"हं."

"मी काही मुद्दाम खोटं नव्हते बोलत."

"मी कुठे काय म्हटलं, आई?"

तीच तर पंचाईत होती. भांडली असती तर मावशींना उत्तर देता आलं असतं. भांडणात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण रुचिता घरी आली, तिने मानसला जेवायला वाढलं, मावशींच्या खुर्चीवरचे कपडे उचलून ठेवले, जसे रोज ठेवायची. वाकून. मावशी बघत राहिल्या. त्या घरातलं जमिनीवरचं सगळं, पोछा, सांडलेलं दूध, मानसचे बूट-मोजे-रंगीत खडू, कोण उचलत होतं ते त्यांना जणू प्रथमच दिसलं. त्यांनी एक खडू उचलायला वाकून बघितलं. जरा कुरकुरत, पण कंबर वाकली. खडू हातात आला. आणि नेमक्या तेव्हाच रुचिता दारात आली. मावशींनी खडू दुकानातून चोरल्यासारखा लपवला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्यांनी जाहीर केलं, "मला ती नळी नको. तू सोसलंस, मीही सोसेन."

या नकारात प्रायश्चित्त होतं, हे खरं. पण मावशींनी स्वतःच कबूल केलंय, त्यात थोडी चलाखीही होती. नळी घेतली आणि कंबरेला काहीच झालं नाही, तर मग उरलंच काय? नाही घेतली, तर निदान आयुष्यभराचा दावा अर्धवट तरी शाबूत.

रुचिताने कप खाली ठेवला. "आई, माझ्या नावाने दुखून घेऊ नका. मला त्याचा काही उपयोग नाही." मग कप पुन्हा उचलून, "तुम्हाला दमा आहे. नळी घ्या."

ऑपरेशनच्या सकाळी मावशींना टेबलाच्या कडेला बसवलं, पाय खाली स्टुलावर, पोटाशी उशी. डॉक्टर सचदेवा मागे. पुढून एका नर्सने खांदे धरले. "आंटी, सिर नीचे, पीठ बाहर, जैसे बिल्ली गुस्से में करती है।"

आणि मावशी वाकल्या. प्रतीकच्या जन्मापासून जी पाठ फळ्यापुढे वाकली नाही, गौरीपुढे वाकली नाही, ती सुरेख गोल झाली.

"वाह!" नर्स म्हणाली. "आंटी कितना बढ़िया झुकती हैं! इस उमर में तो लोग हिलते नहीं।"

मावशी सांगतात की त्या दिवशी सर्वांत जास्त टोचलं ते हे कौतुक. बाकी मग काय, गार औषधाचा बोळा पाठभर फिरला, मुंगी चावावी तशी एक सुई, मग मणक्यांच्या मधे नुसता दाब, कुणी अंगठा रोवून उभं राहावं तसा. "अब नली जा रही है, हिलना नहीं।" एकदा डाव्या बाजूला झिणझिणी आली, गेली. मग चिकटपट्टी खांद्यापर्यंत ओढत आणली, थोडं औषध देऊन पाय हलतात का, छातीत धडधडतंय का, असं विचारलं. "हो गया आंटी." एवढंच? मावशी विचारणार होत्या. पण 'एवढंच' हा शब्द त्यांच्या तोंडून निघण्यासारखा राहिला नव्हता. मग त्यांना पूर्ण भूल दिली.

गाठ निघाली. साधीच निघाली. दुसऱ्या दिवशी मावशी वॉर्डातल्या स्वतंत्र खोलीत आल्या. खाटेशेजारी एक छोटा पंप हळूहळू औषध सोडत होता. पोटावर छातीखालपासून पार खालपर्यंत टाके, आणि मावशी निवांत. दुखणं कुठे आहे ते त्यांनी शोधून पाहिलं. इकडून श्वास घेतला, तिकडून घेतला. पोटाच्या जागी कुणीतरी जाड दुलई पांघरलेली. कंबर? कंबरही गप्प. मावशींना दुखत नव्हतं, आणि न दुखण्याएवढी लाज त्यांना जन्मात कशाची वाटली नव्हती. पलीकडे रुचिता बसली होती. तिच्यासमोर असं आरामात पडून राहायचं म्हणजे तिच्या ताटातलं उचलून खाण्यासारखं.

म्हणून नर्सने येऊन विचारलं, "आंटी, शून्य से दस में दर्द कितना?" तेव्हा मावशी म्हणाल्या, "सात."

नर्स घाबरली. तिने पंप बघितला, नळी बघितली, फोन केला. डॉक्टर सचदेवा आली. तिने बर्फाचा तुकडा पोटावर फिरवला. "ठंडा लगा?" नाही. "ज़रा खाँसिए।" मावशी पोटाशी हात धरून खोकल्या, चांगल्या दणदणीत. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"आंटी," डॉक्टर हसत म्हणाली, "सात में ऐसे नहीं खाँसते।"

"फिर एक लिखो," मावशी पुटपुटल्या. रुचिताने मान दुसरीकडे फिरवली. ती हसली की काय, ते मावशींना आजही माहीत नाही.

संध्याकाळी साधनाताई आल्या. मावशींची पहाडगंजच्या शाळेपासूनची मैत्रीण. आल्या आल्या पिशवी टेबलावर ठेवून त्यांनी खाटेमागचा पंप बघितला.

"हे पाठीतलंच ना? टोचलंच ना शेवटी मेल्यांनी! आधीचं एक होतं, त्यात हे दुसरं. आता गं कसं होणार तुझ्या कंबरेचं?" मग खुर्ची ओढून घेत, "आमच्या सलोनीला आठवा महिना लागला. तिची डॉक्टरीण तेच टुमणं घेऊन बसलीय. मी निक्षून सांगितलंय, पाठीत सुई म्हणशील तर याद राख. अलकामावशीची कंबर लहानपणापासून बघतेयस ना? पोरगी घाबरलीय, पण ऐकते म्हणाली."

रुचिता ग्लासात पाणी ओतत होती. ओतणं थांबलं.

नुसतं 'हो ना गं' म्हणायचं होतं. किंवा तेही नाही, डोळे मिटायचे होते; कालच ऑपरेशन झालेल्या बाईने डोळे मिटले तर कुणी नावं ठेवली नसती. मावशींनी डोळे मिटलेही. मिटलेल्या डोळ्यांपुढे साधनाची लेक सलोनी आली, दोन वेण्या घालून पहिल्या बाकावर बसणारी, नकाशात अर्धाच देश शिकलेली.

"साधना, मला सुई दिलीच नव्हती."

"ही काय, दिसतेय की नळी."

"आत्ताची नाही. प्रतीकच्या वेळची. मला तेव्हा पूर्ण बेशुद्ध केलं होतं. पाठीला कुणी हातसुद्धा लावला नाही."

साधनाताईंनी मावशींच्या कपाळाला हात लावला आणि रुचिताकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "औषधाचा अंमल दिसतोय गं. बरळतेय."

हीदेखील एक पळवाट होतीच, आणि ती उघडी होती. "रुचिता, सांग गं हिला," मावशी म्हणाल्या.

"तुम्हीच सांगा, आई," रुचिता म्हणाली.

मग मावशींनी सांगितलं. रबरचा मास्क, मिरजेच्या काकू, डॉक्टरचा प्रश्न, सगळं. ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा रंगवून सांगितली होती. या वेळी रंग भरता येईना. वाक्यं अर्धी तुटत होती. शेवटी म्हणाल्या, "हिला मी नको म्हटलं. हिने दिवसभर काढला तसाच. आणि मी बघ, पोट फाडलंय तरी इथे लोळतेय. सलोनीला तिच्या डॉक्टरशी बोलू दे, तिला काय हवं ते तिचं ती ठरवेल. तिला सांग, अलकामावशीची कंबर म्हणजे नुसती बडबड."

साधनाताई उठल्या. "हे आता सांगतेस होय?" एवढंच म्हणाल्या. त्यांनीही हा सल्ला बऱ्याच घरांत पोचवला होता. बहुधा तीच यादी मनात आठवत त्या गेल्या. पिशवी टेबलावरच राहिली.

खोलीत दोघीच. रुचिताने पाण्याचा ग्लास झाकून ठेवला.

"खूप दुखलं होतं का गं?" मावशींनी विचारलं. विचारताच त्यांना कळलं की हा प्रश्न त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

"तुम्ही बाहेरच होता ना."

"होते."

"मग?"

मावशींना खोटं बोलता आलं असतं. दार जाड होतं म्हणता आलं असतं, जपात होते म्हणता आलं असतं. "ऐकू येत होतं," त्या म्हणाल्या. "सगळं ऐकू येत होतं. मी माळ जोरात ओढत होते."

रुचिताने ग्लासावरचं झाकण नीट केलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, बाहेर ऐकू जात नसेल. त्या भरवशावरच मी तुम्हाला माफ करून टाकलं होतं, आई."

"चुकलं माझं."

"हं."

'असू दे' ती म्हणाली नाही. मावशींनी तशी वाट बघितली, आणि वाट बघतोय याचीही लाज वाटली. रुचिताने फोन काढला. प्रतीक सकाळीच बंगळूरहून परतला होता. "आज तू ये आईंजवळ," ती म्हणाली. "मला घरी जायचंय. नाही, काही झालं नाही. ये तू."

तिने पर्स उचलली, दारापर्यंत गेली, तिथे थांबली. मागे न बघता म्हणाली, "उद्या सकाळी तुम्हाला चालवणार आहेत. मी येईन. तोवर एकट्याने उठायला जाऊ नका."

"नाही उठत," मावशी म्हणाल्या. तोवर दार लागलं होतं. त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं, जरा मोठ्याने.